पहिल्या वेताच्या कालवडीला कोणती कांडी भरावी: माज येण्याआधी करायची कामे

कालवड माजावर येते, मालक फोन लावतो, डॉक्टर गाडीला गोठवलेल्या वीर्याच्या नळ्यांचा, म्हणजे कांड्यांचा, कंटेनर अडकवून येतात. "कोणती भरू, अण्णा?" "एक नंबर दुधाची भरा." पाच मिनिटांत काम संपते. नऊ महिन्यांनी रात्री दोन वाजता तीच कालवड अडते. चार माणसे दोरी लावून ओढतात, वासरू मेलेले निघते, वार अडकते आणि कालवड दुधावर येतच नाही. दोष त्या रात्रीला, नाहीतर दोरी ओढणाऱ्याला दिला जातो. निर्णय मात्र माजाच्या दिवशीच होऊन गेलेला असतो, तोही उभ्या उभ्या.

हा लेख मुख्यतः संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) आणि जर्सी कालवडी पाळणाऱ्यांसाठी आहे. क्रम असा: आधी कालवडीचे माप, मग जात, मग वळू, शेवटी कांडी. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा असतो. कंटेनरमध्ये जे असेल ते भरले जाते आणि कालवडीच्या अंगापिंडाचा विचार ती सात महिन्यांची गाभण झाल्यावर सुरू होतो.

## टप्पा १: कालवड भरवण्याजोगी झाली का, ते टेपने मोजा

"पंधरा महिन्यांची झाली, भरून टाका" हा हिशेब सोडा. चांगल्या खुराकावरची कालवड पंधराव्या महिन्यात तयार असते, तर निव्वळ उसाच्या वाढ्यावर वाढलेली दोन वर्षांनीही तयार नसते. माज दहाव्या-बाराव्या महिन्यातही दिसतो. माज आला म्हणजे कालवड वासरू पेलायला तयार झाली, असे होत नाही.

धरायचे माप असे: तुमच्याच गोठ्यातल्या तिसऱ्या-चौथ्या वेताच्या, त्याच प्रकारच्या गाईच्या वजनाच्या ६० ते ६५ टक्के. संकरित एचएफ गाय ४२५ किलोची असेल, तर कालवड २५५ ते २७५ किलो हवी. संकरित जर्सी गाय ३५० किलोची असेल, तर कालवड २१० ते २२५ किलो. रक्त जवळजवळ शुद्ध एचएफचे झाले असेल आणि गाय ५५० किलोची असेल, तर ३३० किलोच्या आत भरवू नका.

काटा नसेल तर शिंप्याच्या टेपने काम होते:

1. सकाळी पाणी-वैरणीच्या आधी कालवड सपाट जागेवर चारही पायांवर सरळ उभी करा. मान खाली घातलेली असताना घेतलेले माप चुकते.
2. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्या. टेप अंगाला लागलेली हवी, कातडीत रुतलेली नको.
3. खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीच्या बाजूच्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी घ्या.
4. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. मापे इंचात असतील तर उत्तर किलोत येते.

घेर ६० इंच आणि लांबी ५१ इंच असेल, तर ६० × ६० × ५१ ÷ ६६० म्हणजे साधारण २७८ किलो. हा अंदाज आहे, दहा-वीस किलो इकडेतिकडे होतात. म्हणून अगदी काठावरची कालवड असेल तर एक माज सोडून द्या. २१ दिवसांनी पुढचा येतोच.

वजन झाले की डॉक्टरांकडून आतून तपासणी करून घ्या. हे काम माजाच्या दिवशी घाईत उरकायचे नाही, वेगळा दिवस ठरवा. दोन गोष्टी विचारा: गर्भाशय आणि बीजांडे नीट आहेत का, आणि ओटीपोटाची पोकळी हाताला कशी लागते, मोकळी की अरुंद. बाहेरून रुंद दिसणारा मागचा भाग आतून अरुंद निघू शकतो, म्हणून नुसत्या नजरेवर जाऊ नका.

इशारा: पोकळी अगदीच अरुंद असेल तर हलक्या वासराची कांडी धोका कमी करते, संपवत नाही. अशी कालवड आणखी वाढू द्या आणि पुन्हा तपासा.

आणखी एक तपासणी: कालवड जुळ्यातली आहे का? गोऱ्ह्याबरोबर जुळी जन्मलेली पाडी बहुतेक वेळा वांझ असते. तिच्यासाठी वळू शोधत बसण्याआधी हे पाहून घ्या, विकत आणलेली असेल तर विचारून घ्या.

उलटी चूकही होते. "अजून थोडी भरू दे" म्हणत अडीच-तीन वर्षे खुराक देत राहिले की अंगावर मांसापेक्षा चरबी जास्त चढते. ती ओटीपोटाच्या वाटेतही साठते आणि वाट तेवढी अरुंद होते.

## टप्पा २: जात ठरवा

कालवड अडण्याचे मोठे कारण म्हणजे वासराचे वजन आणि विण्याची वाट यांचा मेळ न बसणे. शुद्ध एचएफचे वासरू जन्मताना ४० किलोच्या आसपास असते, जर्सीचे २५ किलोच्या आसपास. संकरित वासरे यांच्या मधे कुठेतरी, आईच्या अंगापिंडानुसार. गोऱ्हा पाडीपेक्षा दोन-तीन किलो जड असतो. वासराच्या वजनात वळूचा वाटा निम्मा, आणि तेवढाच आपल्या हातात असतो.

संकरित एचएफ कालवड मापाच्या खालच्या काठावर असेल, तर पहिल्या वेताला जर्सी किंवा संकरित जर्सीची कांडी हा सगळ्यात बिनधोक मार्ग. यावर हमखास आक्षेप येतो: "वासरू तांबडे-तपकिरी येईल, बाजारात काळ्या-पांढऱ्यालाच भाव आहे." भाव आहे, मान्य. पण पहिल्या वेतात कालवड वाचणे आणि दुधावर येणे हा हिशेब वासराच्या रंगापेक्षा मोठा आहे. तरीही एचएफच हवी असेल, तर कालवड मापात पूर्ण बसलेली असावी आणि वळू टप्पा ३ प्रमाणे पारखलेला असावा.

संकरित जर्सी कालवडीला पहिल्या वेताला जर्सीच. दूध वाढवायचे म्हणून तिला एचएफ भरण्याची पद्धत ठिकठिकाणी दिसते. करायचेच असेल तर दुसऱ्या वेतानंतर करा. डांगी, कोकण कपिला किंवा लहान चणीच्या गावरान कालवडीला तिच्याच जातीची कांडी भरा, एचएफ नकोच. ब्राऊन स्विसची वासरे जड असतात आणि गाभण काळही लांबतो, तेव्हा पहिल्या वेतासाठी ती जात यादीतूनच काढा.

गीरबद्दल जरा थांबून बोलायला हवे. "गीरचे वासरू लहान, म्हणून एचएफ कालवडीला गीर भरली की सुटलो" असे सर्रास ऐकू येते. गीर गाईच्या पोटचे गीर वासरू लहान असते, हे खरे. पण वशिंडाच्या जातीचा वळू आणि युरोपीय जातीची गाय असा संकर झाला की गणित बदलते. अमेरिकेत ब्रह्मन वळू युरोपीय गाईंवर वापरला, तेव्हा वासरे उलट संकरापेक्षा, म्हणजे युरोपीय वळू आणि ब्रह्मन गाय यांच्या वासरांपेक्षा, स्पष्टपणे जड आली. शिवाय वशिंडाच्या जातींचा गाभण काळ एचएफपेक्षा आठवडाभर तरी जास्त, म्हणजे वासराला वाढायला तेवढा वेळ जास्त. गीर भरण्याला दुसरी कारणे असू शकतात. सुटसुटीत वेत हे कारण धरून मात्र एचएफ रक्त जास्त असलेल्या कालवडीला ती भरू नका.

## टप्पा ३: वळूच्या कागदावर नेमके काय वाचायचे

कुठेही जा, कांडीचे मोठेपण वळूच्या आईच्या दुधावर मोजले जाते. "आई अमुक हजार लिटरची" हे वाक्य ऐकले की पुढचा प्रश्न विचारलाच जात नाही. कालवडीसाठी विचारायचा प्रश्न हा: या वळूची वासरे पहिलारू कालवडींना कशी व्यायली?

आयात केलेल्या वीर्याच्या किंवा आयात वळूंच्या पत्रकात हे उत्तर आकड्यात असते. विक्रेते त्याला 'काव्हिंग ईज' म्हणतात. तो आकडा वाचताना तीन ठिकाणी घसरगुंडी होते.

पहिली, दिशेची. अमेरिकी पत्रकातला आकडा टक्क्यात असतो. या वळूपासून पहिलारूंना झालेल्या वेतांपैकी किती टक्के वेते अवघड होतील, त्याचा तो अंदाज. म्हणजे आकडा जितका कमी तितके चांगले. कॅनडा आणि जर्मनीच्या पत्रकांत सरासरी १०० धरतात, आणि तिथे १०० च्या वर तितके चांगले. पत्रक कोणत्या देशाचे आहे ते न पाहता आकड्यांची तुलना केली, तर नेमका वाईट वळू उचलला जातो.

दुसरी, दोन आकड्यांच्या गोंधळाची. एक आकडा वळूची *वासरे* किती सहज जन्मतात ते सांगतो. दुसरा वळूच्या *मुली* मोठ्या होऊन किती सहज वितात ते सांगतो. कालवडीसाठी आधी पहिला पाहा. दुसरा तिच्या पोटी येणाऱ्या पाडीसाठी आहे, तोही निदान सरासरीपेक्षा वाईट नको. मृत वासरांच्या प्रमाणाचा आकडा वेगळा दिला असेल तर तो सोडू नका. सहज जन्मून मेलेले वासरू हाही तोटाच.

तिसरी, भरवशाची. आकड्याशेजारी विश्वासार्हतेची टक्केवारी असते. सहज विण्याचा गुण आनुवंशिकतेत फार कमी उतरतो, म्हणून थोड्या वेतांवरून काढलेला आकडा नंतर बराच हलतो. केवळ जनुकीय चाचणीवर निवडलेला तरुण वळू दुधाला कितीही चांगला दिसला, तरी कालवडीला जुना आणि भरपूर वेते नोंदलेला वळू घ्या.

इथेच तयार झालेल्या संकरित आणि देशी वळूंच्या पत्रकात बहुतेक वेळा आईचे दूध, फॅट आणि दुधाचे पैदासमूल्य एवढेच असते, विण्याची माहिती नसते. तेव्हा चौकशी स्वतः करावी लागते. तुमच्या भागात रेतन करणाऱ्याला त्या वळूच्या क्रमांकाने विचारा: गेल्या वर्षी हा किती पहिलारूंना भरला, त्यांपैकी किती ओढाव्या लागल्या, किती वासरे मेली. दहा-पंधरा पहिलारू वेतांची माहिती मिळाली तरी उपयोग होतो. "माझ्या चौथ्या वेताच्या गाईला भरला, काही त्रास नाही" ही साक्ष इथे चालत नाही. मोठी गाय जड वासरूही सहज देते.

वळूच्या फोटोवरूनही ठरवू नका. धिप्पाड वळूची वासरे हलकी असू शकतात आणि आटोपशीर वळूची जड. रुंद डोके आणि भरदार खांदे घेऊन जन्मणारी वासरे अडतात, आणि ते फक्त जन्मलेली वासरे पाहूनच कळते.

निवड पक्की करण्याआधी:

- कालवडीच्या बापाचा क्रमांक आणि या वळूचा क्रमांक एकच तर नाही ना? एकाच गावात एकाच वळूच्या कांड्या वर्षानुवर्षे फिरतात, त्यामुळे बापलेकीचा संकर नकळत होतो.
- वीर्य केंद्र सरकारी मूल्यांकनात अ किंवा ब दर्जाचे आहे का?
- पहिल्या पसंतीचा एक आणि बदली एक, असे दोन वळू क्रमांक लिहिले का?

हाच हलक्या वासरांचा वळू सगळ्या गोठ्याला लावू नका. लहान वासरांच्या मागे लागून पिढ्यान् पिढ्या तेच केले तर कालवडीही लहान चणीच्या होत जातात, आणि अरुंद वाटेचा प्रश्न मागच्या दाराने परत येतो. पहिलारूला एक वळू, मोठ्या गाईंना दुसरा.

## टप्पा ४: पाडीची कांडी घ्यावी का

लिंग वेगळे केलेल्या वीर्यात पाडी होण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास असते. पाडी गोऱ्ह्यापेक्षा हलकी, आणि अशी कांडी कालवडीत गाईपेक्षा चांगली ठरते. म्हणजे दोन्ही बाजूंनी सोयीचे. पण या कांडीत शुक्राणू साध्या कांडीपेक्षा बरेच कमी असतात, त्यामुळे गाभण राहण्याचे प्रमाणही कमी. माज स्पष्ट, बळस (माजातला चिकट स्राव) काचेसारखी स्वच्छ आणि वेळ नेमकी असेल तरच वापरा. दोनदा उलटलेल्या, म्हणजे भरूनही पुन्हा माजावर आलेल्या, कालवडीवर ही महाग कांडी वाया घालवू नका.

इशारा: पाडीची कांडी म्हणजे हलक्या वासराची कांडी, हा समज चुकीचा आहे. जड वासरांच्या वळूची पाडीही जडच. आणि राहिलेल्या दहा टक्क्यांतला गोऱ्हा तुमच्याच कालवडीच्या नशिबी असू शकतो. टप्पा ३ मधला प्रश्न इथेही तसाच लागू.

## टप्पा ५: कांडी आधी सांगून ठेवा, मग हातात घेऊन वाचा

माजाच्या दिवशी वळू निवडला जात नाही. त्या दिवशी कंटेनरमध्ये असेल तेच मिळते. म्हणून निदान महिनाभर आधी दोन्ही क्रमांक डॉक्टरांना द्या. कांडी मागवायला वेळ लागतो, आणि आगाऊ पैसे दिले की ती तुमच्यासाठी राखून ठेवली जाते.

भरायच्या दिवशी कंटेनर उघडण्याआधीच विचारा: "डॉक्टर, आपला क्रमांक कोणत्या डब्यात आहे?" हे आधी का? कारण एकदा वितळवलेली कांडी परत गोठवता येत नाही. उणे १९६ अंशांतून चिमट्याने काढलेली पाव मिलिलीटरची ती बारीक नळी थेट ३७ अंशांच्या कोमट पाण्यात जाते आणि तिथे साधारण ३० सेकंद राहते. काढून कोरडी पुसली की अंगावरचा बारीक छापा वाचता येतो: वळूचा क्रमांक, जात, केंद्राचे नाव किंवा संकेत, तयार केल्याची तारीख. टोक कापण्याआधी तो छापा तुम्ही स्वतः वाचा, चष्मा लागत असेल तर लावून. नुसत्या रंगावरून जात ओळखायला जाऊ नका. क्रमांक जुळला नाही तर कांडीचे पैसे द्या आणि भरू नका. गेले ते एका कांडीचे पैसे.

वेळेचा नियम जुनाच: सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. कालवडींचा माज कधी कधी थोडक्यात आटपतो, म्हणून दिवसातून तीनदा तरी लक्ष ठेवा. माजानंतर दोन दिवसांनी थोडे रक्त दिसले तर घाबरू नका, कालवडींमध्ये ते नेहमीचे आहे. त्यावरून ती गाभण राहिली की नाही, हे ठरत नाही.

रिकामी नळी फेकू नका. चिकटपट्टीने वहीत लावा, शेजारी तारीख आणि कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी क्रमांक लिहा. 'भारत पशुधन' या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर नोंद झाली का, तेही तिथेच पाहून घ्या.

या टप्प्यावरची मोठी चूक: कांडीवर दोनदा उलटली म्हणून कंटाळून कालवड गावच्या वळूकडे नेणे. तोवर केलेला सगळा विचार त्या एका फेरीत जातो. त्या वळूची वासरे किती किलोची, कोणाला माहीत नसते. शिवाय संसर्गजन्य गर्भपातासारख्या रोगांचा धोका वेगळाच.

## टप्पा ६: गाभण काळात केलेली निवड वाया घालवू नका

दोन ते तीन महिन्यांत गाभण तपासणी करा आणि विण्याची तारीख काढा. एचएफ आणि जर्सीसाठी २८० दिवस धरा, देशी वळू असेल तर आठवडाभर जास्त.

"शेवटच्या दोन महिन्यांत खुराक तोडा, म्हणजे वासरू लहान राहील." हा सल्ला जाणत्या माणसांकडूनही मिळतो, आणि तो घातक आहे. गर्भाची बहुतेक वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते, हे बरोबर. पण उपाशी कालवडीचे वासरू जेमतेम थोडे हलके होते, कालवड मात्र पार खचते. कळा द्यायला ताकद उरत नाही, चीक पातळ येतो, पुढचा माज लांबतो. कालवड स्वतःही अजून वाढते आहे, हे विसरू नका. विण्याच्या वेळी तिचे वजन प्रौढ गाईच्या ८० ते ८५ टक्के व्हायला हवे.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. बरगड्यांवर हात फिरवला की हलक्या दाबाने त्या लागल्या पाहिजेत. शेपटीच्या बुडाशी चरबीचे गोळे दिसू लागले तर पेंड कमी करा, वैरण तशीच ठेवा. मुक्त गोठा असेल तर उत्तम. नसेल तर शेवटचे दोन महिने रोज फिरवा.

## टप्पा ७: विण्याच्या दिवशी

चांगल्या वळूच्या कांडीनंतरही काही कालवडी अडतातच. वासरू आडवे असू शकते, पाय मागे दुमडलेला असू शकतो. म्हणून तारखेच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना कळवून ठेवा.

पाणमोट (वासराभोवतीची पाण्याची पिशवी) दिसल्यावर घड्याळ पाहा. पुढचे दोन पाय, तळवे खाली, त्यांवर टेकलेले नाक, ही नीट स्थिती. तळवे वर असतील तर वासरू बहुधा उलटे आहे. तासाभरात काहीच पुढे सरकले नाही, किंवा एकच पाय, नुसते डोके, नुसती शेपटी दिसली, तर ओढू नका, डॉक्टरांना बोलवा. अडली गाय फटके खाय म्हणतात, तसे गोठ्यात खरोखर होते. चौघे मिळून ओढतात, वासराचे पाय मोडतात, कालवडीचे मायांग फाटते. आतली वाट पुरेशी सैल होण्याआधी घाईने केलेली मदतही तेवढीच वाईट.

वासरू उठले, तासाभरात चीक पाजला, १२ तासांत वार पडली, की वहीत नळी चिकटवलेले पान उघडा आणि तिथेच लिहा: गोऱ्हा की पाडी, अंदाजे वजन, आणि १ ते ५ मधला एक आकडा. १ म्हणजे आपोआप व्याली, २ थोडा हात लावला, ३ ओढावी लागली, ४ खूप ताकद लावावी लागली, ५ म्हणजे वासरू कापून किंवा पोट फाडून काढावे लागले. डॉक्टरांनाही तो आकडा त्यांच्या वहीत लिहायला सांगा. पुढच्या वर्षी शेजारचा कोणी याच वळूची चौकशी करत आला, तर त्याला दाखवायला पान तयार असेल.